कोस्टा रिका: सात मुक्काम की चार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या पाच पक्षीनिरीक्षकांचा गट, आंबोली, थट्टेकाड आणि ईगलनेस्ट इथे पक्षी बघून झालेले. आता क्वेट्झल हा पक्षी बघायला कोस्टा रिकाला जायचंय. हातात दोन आराखडे आहेत. एकात ११ दिवसांत ७ मुक्काम आणि ‘३५० प्रजाती’. दुसऱ्यात तेवढ्याच दिवसांत ४ मुक्काम, आकडा कुठेच नाही, पैसे मात्र जवळपास तेवढेच. सोबत ६७ वर्षांच्या सासूबाई, त्यांचे गुडघे दुखरे. मग कोणता आराखडा घ्यावा, उन्हाळ्याच्या सुट्टीत जावं की दिवाळीच्या, आणि स्थानिक गाईड खरंच लागतो की मोबाईलवरच्या ॲपवर भागेल?

चार मुक्कामांचाच घ्या. फक्त विमानतळाजवळची पहिली रात्र सोडून प्रत्येक ठिकाणी किमान दोन, जमल्यास तीन रात्री आहेत ना, तेवढं बघून घ्या.

कोस्टा रिका ५१,१०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याएवढा देश. पक्ष्यांच्या नोंदी ९०० प्रजातींच्या वर. एवढ्याशा जागेत एवढे पक्षी मावतात ते उंचीमुळे. देशाच्या मधोमध डोंगरांची रांग आहे, एका अंगाला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या अंगाला प्रशांत महासागर. कॅरिबियनकडून येणारे वारे ओलावा घेऊन डोंगर चढतात, वर थंड होतात आणि साधारण दीड हजार मीटरच्या आसपास ढग उताराला टेकून बसतो. वर्षातले बहुतेक दिवस तिथेच. हे मेघवन. तिथे पाऊस नसतानाही झाडं ठिबकत असतात, कारण शेवाळ आणि फांद्याफांद्यांवरची ऑर्किडं-ब्रोमेलियाडं ढगातलं पाणी गाळून घेतात. खाली समुद्रसपाटीजवळ उष्ण, घामट वर्षावन. दर हजार मीटरला तापमान सुमारे ६ अंशांनी बदलतं आणि त्यासोबत पक्षीही बदलतात. त्यामुळे एकाच उंचीवर आडवं कितीही फिरलात तरी यादी फारशी हलत नाही, आणि दीड तास डोंगर उतरलात की अर्धी यादी नवी होते.

या नजरेने सात मुक्कामांचा आराखडा पुन्हा वाचा. त्यात ला फोर्तुना, काण्यो नेग्रो आणि सारापिकी हे तिन्ही कॅरिबियन बाजूच्या उताराच्या पायथ्याशीच आहेत. काण्यो नेग्रोचं पाणथळ वेगळं, मान्य. पण नांदूर मध्यमेश्वरला वाढलेल्या माणसाने बगळे-पाणकावळ्यांसाठी तिथे एक अख्खा दिवस घालावा, असं मला वाटत नाही. शिवाय सात मुक्काम म्हणजे सहा सकाळी बॅगा भरण्यात. विषुववृत्ताजवळच्या जंगलात पहाटे साडेपाच ते नऊ हाच खरा बाजार. ती वेळ गाडीत गेली की दुपारी तुम्ही फक्त पानं मोजता.

३५० हा आकडा खोटा नसतो. पण तो गाईडच्या यादीचा असतो, आणि त्या यादीत त्याने नुसते ऐकलेले पक्षीही येतात. वर्षावनात दिसणाऱ्यांपेक्षा ऐकू येणारे कितीतरी जास्त. तुमच्या वहीत किती उतरतील, ते प्रत्येक ठिकाणी तुम्ही किती वेळ उभे राहता यावर ठरतं.

मी सुचवीन तो क्रम असा. उतरल्यावर पहिली रात्र विमानतळाजवळ आलाहुएलाला. मग तीन रात्री सान हेरार्दो दे दोता. मग प्रशांत किनाऱ्याकडे तार्कोलेस-काराराला दोन. आणि शेवटी सारापिकीला चार. वरून सुरुवात करण्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. भारतापेक्षा तिथलं घड्याळ साडेअकरा तास मागे. पहिले चार दिवस तुम्हाला रात्री तीनलाच टक्क जाग येणार. ती जाग थंड हवेत, गरम कॉफीसोबत सत्कारणी लावायची.

सान हेरार्दो दे दोता ही तालामांका रांगेतली सावेग्रे नदीची अरुंद दरी, उंची साधारण २,२०० मीटर. ओक वृक्षांचं जंगल, मधे सफरचंदाच्या बागा आणि ट्राउट माशांची तळी. क्वेट्झलसाठी माँतेवेर्दे या मेघवनाचं नाव जास्त ऐकलेलं असतं. वाईट नाहीच ते. १९५०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी तिथे वस्ती केली, १९७२ मध्ये राखीव जंगल झालं, संशोधनही भरपूर झालंय. पण तिथे गर्दी आहे, झिपलाइनवाले आहेत, आणि क्वेट्झल शांतपणे बघायला दोता जास्त खात्रीचं. माँतेवेर्देत तीन लोंबत्या मिशांचा बेलबर्ड मिळतो, हे मात्र खरं. त्याची घणाची थाप पडावी तशी हाक दरीभर ऐकू येते. तो ज्यांना हवाच आहे त्यांनी मार्चनंतर तिकडे जावं.

माँतेवेर्देतल्या एका बदलाची गोष्ट तुम्हाला गाईड सांगेलच. ढगाचा पायथा वर सरकू लागला, धुक्याशिवायचे दिवस वाढले, आणि खालच्या गरम जंगलातला कील-बिल्ड टूकन हा मोठ्या चोचीचा पक्षी वर चढून क्वेट्झलच्या शेजारी घरटी करू लागला. टूकन दुसऱ्यांची अंडी-पिल्लं खातो. तिथलाच सोनेरी बेडूक १९८९ नंतर कुणाला दिसलेला नाही. डोंगराच्या माथ्यावर राहणाऱ्याला आणखी वर जायला जागाच नसते.

आता क्वेट्झलबद्दल. फोटोंमुळे आपली अपेक्षा अशी असते की एवढा झळझळीत पक्षी शंभर मीटरवरून डोळ्यात भरेल. तसं अजिबात होत नाही. तो पाठ करून बसला की ओल्या पानांत पार विरघळून जातो. मलबार ट्रोगन बघितलाय ना तुम्ही थट्टेकाडला? बसण्याची ढब तीच. ताठ, गप्प, दहा-दहा मिनिटं नुसती मान फिरवत. त्याच कुळातला आहे तो. मग तो अचानक फांदी सोडतो, झाडावरच्या फळासमोर क्षणभर फडफडत थबकतो, फळ तोडतो आणि परत बसतो. ही संपूर्ण हालचाल तीनेक सेकंदांची. नराची ती लांबलचक शेपटी खरं म्हणजे शेपटी नव्हेच, शेपटीवरची वाढलेली पिसं असतात ती. उडताना ती मागे लाटेसारखी हलत जातात. लाल पोट समोर आलं की मग सगळ्या गटाच्या तोंडून एकदम आवाज निघतो, आणि गाईडला ‘श्श’ करावं लागतं.

तो काय खातो त्यावर सगळं अवलंबून. रानटी अवोकाडो, स्थानिक लोक त्याला आग्वाकातियो म्हणतात. सुपारीएवढं फळ अख्खं गिळतो, गर पचवतो आणि बी ओकून टाकतो. म्हणजे ते झाड लावणाराही तोच. कुठलं झाड या आठवड्यात पिकलंय, ते कुणाच्या शेतात आहे, मालक किती वाजता फाटक उघडतो, हे कुठल्याही ॲपमध्ये नसतं. ते दरीत राहणाऱ्या गाईडला माहीत असतं. शेतमालक माणशी थोडे पैसे घेतात. ते घासाघीस न करता द्या. त्या पैशामुळेच ते वठलेले, पोकळ बुंधे तोडले जात नाहीत, आणि क्वेट्झल घरटं करतो ते नेमकं अशाच कुजक्या बुंध्यात.

दोताहून एक सकाळ वर सेरो दे ला मुएर्तेला ठेवा. तिथे महामार्गच ३,३०० मीटरच्या पुढे जातो. झाडं खुजी होतात, वारा बोचतो, आणि वोल्केनो जंको नावाचा पिवळ्या डोळ्यांचा, रागीट चेहऱ्याचा पक्षी जमिनीवर उड्या मारत फिरतो. त्याचं जग म्हणजे कोस्टा रिका आणि पनामाची एवढीच शिखरं. फायरी-थ्रोटेड हमिंगबर्डही तिथलाच. बाजूने बघितला तर साधा हिरवट, आणि त्याने मान तुमच्याकडे वळवली की गळ्यावर तांबडा, केशरी, निळा एकाच वेळी पेटतो. सासूबाईंना इथे पायपीट नाही, रस्त्याच्या कडेलाच सगळं आहे. उंचीमुळे थोडा दम लागेल, म्हणून सावकाश चाला आणि दोन तासांत खाली या.

हमिंगबर्ड आपल्याकडे नाहीत. आपले शिंजीर दिसायला तसेच, पण नातं काहीच नाही. देशात सुमारे ५० प्रजाती आहेत आणि गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसासाठी त्यांच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. खुर्ची टाकून साखरपाण्याच्या फीडरसमोर बसायचं. किनाऱ्याकडून सारापिकीला जाताना सिंचोना गाव लागतं. जानेवारी २००९ च्या भूकंपात ते गाव उद्ध्वस्त झालं होतं. आता तिथे दरीच्या काठावर बसून जेवता जेवता पक्षी बघता येतात. समोर धबधबा, कठड्यावर केळी-पपईचे तुकडे, आणि त्यावर प्राँग-बिल्ड बार्बेट, हिरवा टूकनेट आणि जगात फक्त कोस्टा रिकातच सापडणारा कॉपरी-हेडेड एमराल्ड. फीडरवर बघितलेला पक्षी ‘खरा’ नव्हे, असं मानणारे काही लोक आहेत. त्यांनी खुशाल उभं राहावं.

काराराबद्दल फार लिहीत नाही. कोरडं आणि ओलं जंगल तिथे एकमेकांना भिडतं, म्हणून दोन्हीकडचे पक्षी मिळतात, आणि लाल मकावांच्या, म्हणजे मोठ्या पोपटांच्या, जोड्या संध्याकाळी खारफुटीकडे ओरडत जातात. तार्कोलेस नदीत सुसरींसोबत होडीची फेरी करा, तिथेही सासूबाई बसून. एकच सूचना: राष्ट्रीय उद्यानाचं दार सात-आठला उघडतं. तोवर बाहेरच्या रस्त्यावर, शेतांच्या कडेला फिरा.

सारापिकीला चार रात्री का, असं तुम्ही विचाराल. कारण खालचं वर्षावन लवकर काही देत नाही. वर मेघवनात मिश्र थवा येतो तेव्हा डोळ्यांसमोरून जातो. आपल्याकडे सह्याद्रीत भृंगराजाच्या मागे जसे सगळे निघतात तसंच. खाली मात्र झाडं ३०-४० मीटर उंच, अंधार, घाम, आणि पहिल्या तासाभरात फक्त आवाज. नवख्यांचा इथे हिरमोड होतो. इथलं ला सेल्व्हा हे संशोधन केंद्र १९६८ पासून ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज या संस्थेकडे आहे, सुमारे १,६०० हेक्टर. वर्षाला चार मीटर पाऊस. पाठीमागे ते ब्राउलिओ कारियो राष्ट्रीय उद्यानाला जोडलेलं असल्यामुळे समुद्रसपाटीपासून थेट डोंगरमाथ्यापर्यंत जंगल अखंड आहे. हे महत्त्वाचं, कारण इथले कितीतरी पक्षी ऋतूप्रमाणे वर-खाली करतात. बेअर-नेक्ड अम्ब्रेलाबर्ड वर घरटी करतो आणि एरवी खाली येतो. मधला पट्टा तुटला की तो संपला. हिरवा मोठा मकावही इथेच बघायचा. आल्मेंद्रो नावाच्या प्रचंड झाडाच्या ढोलीत त्याचं घर आणि त्याच झाडाच्या फळांवर त्याचं पोट.

केंद्रातच किंवा अगदी जवळ राहा, म्हणजे उजाडता उजाडता वाटेवर असाल. वाटेत कोरडी काटकी मोडल्यासारखा ‘टक, टक’ आवाज आला तर थांबा. तो पांढऱ्या गळपट्ट्याचा मॅनाकिन असतो, नर जमिनीवर ताटलीएवढी जागा पानं उचलून साफ करतो आणि दोन रोपट्यांमध्ये उड्या मारत पंख आपटून आवाज काढतो. गुडघाभर उंचीवर बघा, वर नको.

आणि मुंग्या. चार दिवसांत एकदा तरी सैनिक मुंग्यांचा हल्ला सापडावा, यासाठी मी वेळ राखून ठेवतो. एसिटॉन बुर्चेल्ली या मुंग्या पंख्यासारख्या पसरून जमिनीवरून सरकतात. त्यांच्यापुढे झुरळं, कोळी, नाकतोडे जीव घेऊन पळतात आणि ते पळणारे कीटक टिपायला अँटबर्ड येतात. लक्षात घ्या, पक्षी मुंग्या खात नाहीत, मुंग्यांनी उठवलेलं खातात. तासभर रिकामं वाटलेलं जंगल एका वळणावर अचानक गजबजतं. निळ्या चेहऱ्याचा ऑसेलेटेड अँटबर्ड सगळ्यांना हुसकून मधली जागा घेतो, बायकलर्ड त्याच्या कडेला, ठिपक्यांचा छोटा स्पॉटेड सर्वात बाहेर. उभ्या खोडांवर वुडक्रीपर. प्रत्येकाची जागा आकारमानाने ठरलेली. मुंग्यांचं चक्रही ठरलेलं असतं: साधारण १५ दिवस रोज मुक्काम हलवत मोठ्या धाडी, मग २० दिवस एका जागी बसून अंडी आणि कोश सांभाळणं, तेव्हा धाडी थोड्या. चांगल्या गाईडला कुठली वसाहत सध्या हलती आहे ते ठाऊक असतं. तुम्ही एवढंच करा: पँट मोज्यात खोचा, पायाखाली बघत धाडीच्या कडेला उभे राहा आणि मुळीच हलू नका. पंधरा मिनिटांनी पक्षी तुम्हाला झाडच समजतात.

ॲपबद्दल. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन उत्तम आहे, मीही वापरतो. पण हे जंगल अख्खंच एकदम बोलतं, मोबाईल त्यातले काही आवाज पकडतो, आणि पकडला तरी पक्षी कुठल्या फांदीवर आहे हे सांगत नाही. स्थानिक गाईड हिरव्या भिंतीत भोक शोधून त्यातून स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची दुर्बीण, लावून देतो. तुम्ही वाकून बघेपर्यंत पक्षी तिथेच असतो, कारण कुठला पक्षी किती वेळ बसतो हेही त्याला माहीत असतं. मी स्वतः गट घेऊन जातो तरी प्रत्येक ठिकाणी तिथलाच गाईड जोडून घेतो. तिथल्या पर्यटन संस्थेचा, म्हणजे आयसीटीचा परवाना आहे का ते विचारा. आणि आणखी तीन गोष्टी विचारा: एका गाईडमागे माणसं किती (अरुंद वाटेवर सहाच्या वर गेली की मागच्यांना पाठीच दिसतात), गाडी चालवणारा वेगळा आहे का, आणि पक्षी बोलावण्यासाठी रेकॉर्डिंग किती वाजवतो. शेवटच्या प्रश्नाला ‘हवं तेवढं’ असं उत्तर आलं तर दुसरा गाईड बघा. विणीच्या दिवसांत पुन्हा पुन्हा आवाज वाजवला की नर घरटं सोडून भांडायला येतो.

वेळ. सर्वांत चांगला काळ फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. क्वेट्झलची वीण सुरू, उत्तरेकडून आलेले वॉर्बलर अजून तिथेच, पाऊस कमी. मुलांच्या परीक्षांमुळे ते जमणार नसेल तर एप्रिलचा उत्तरार्ध घ्या, मे नको. मेमध्ये रोज दुपारी पाऊस धरतो, सकाळ तेवढी मिळते. ईस्टरच्या आठवड्यात मात्र जाऊ नका, अख्खा देश सुट्टीवर असतो आणि खोल्या मिळत नाहीत. दिवाळीत जायचं असेल तर आराखडाच बदलावा लागेल. तेव्हा प्रशांत बाजूला धो-धो पाऊस आणि कॅरिबियन किनाऱ्यावर त्या मानाने उघडीप. क्वेट्झल तेव्हा अवघड. पण ऑक्टोबरमध्ये तालामांका भागातल्या कॅरिबियन किनाऱ्याजवळ केकोल्डी इथे शिकारी पक्ष्यांचं स्थलांतर असतं, गिधाडं आणि ससाण्यांचे थवेच्या थवे डोक्यावरून दक्षिणेकडे जातात, हंगामात दहा लाखांच्या वर. ती वेगळीच सहल आहे, क्वेट्झलच्या नावाखाली ती करू नका.

सामान: ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण, १० ची नको, अंधारात आणि थरथरत्या हातात ८ बरी. कॅमेऱ्याच्या बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या. डोंगरावरून खाली उतरल्यावर भिंगांवर बाष्प धरतं, बॅग बंद ठेवूनच अर्धा तास जाऊ द्या. आपल्यासारख्या जळवांचा त्रास तिथे नाही, हे ऐकून आंबोलीवाले खूष होतील. त्याऐवजी चिगर नावाचे सूक्ष्म किडे गवतातून पायावर चढतात आणि आठवडाभर खाजवतात, म्हणून लांब मोजे. खोडाला किंवा कठड्याला न बघता हात लावायचा नाही. बुलेट मुंगीचा डंख दिवसभर पुरतो. तेर्सिओपेलो हा विषारी साप पालापाचोळ्यात दिसत नाही, त्यामुळे रात्री टॉर्चशिवाय खोलीतून बाहेर पाऊल टाकू नका, मग जेवणाची खोली समोर का असेना.

शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही. सकाळी गायो पिंतो, म्हणजे भात आणि काळा राजमा परतलेला, दुपारी कासादोच्या थाळीत पुन्हा भात, राजमा, तळलेली केळी, कोशिंबीर. फक्त ‘मांस नको’ म्हटल्यावर चिकन येऊ शकतं, तेव्हा चिकन नको, मासे नको, असं एकेक सांगा आणि सूप कशाचं आहे ते विचारा. लोणच्याची बाटली न्याच.

कागदपत्रांचं आधी बघा. व्हिसा दिल्लीतल्या वकिलातीतून मिळतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्यांना साधारणपणे वेगळा लागत नाही, पण नियम बदलतात, तिकीट काढण्यापूर्वी वकिलातीच्या संकेतस्थळावर खात्री करा. अमेरिकेमार्गे जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो, म्हणून ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी युरोपमार्गे तिकीट बघावं. आणि हौसेने पनामा, कोलंबिया किंवा इक्वेडोर जोडायचा विचार असेल तर पीतज्वराची लस घ्या. भारतात परतताना त्या देशांतून येणाऱ्यांकडे तिचं प्रमाणपत्र मागतात, आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. ही लस साठीच्या पुढच्या माणसाला देण्याआधी डॉक्टरांचा सल्ला लागतोच, त्यामुळे सासूबाईंसाठी मी नुसता कोस्टा रिकाच ठेवीन.